मॉडेल ए च्या फ्लोअरखाली ब्रेकचा मास्टर सिलिंडर, कुठे आणि कसा लावू?

रामबागचा_रॉड (इंदूर)

नमस्कार मंडळी, मदत पाहिजे. गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, कॅनडाहून आलेली राइट हँड. मला मिळाली तेव्हा फक्त चासी, काउल (डॅशच्या पुढचा बॉडीचा भाग) आणि दरवाजे होते, इंजिन गियरबॉक्स कुणीतरी केव्हाच काढून विकलेलं, त्यामुळे ओरिजिनल करायचा प्रश्नच नव्हता आणि मी हॉट रॉड (जुन्या बॉडीत नवं इंजिन, नवे ब्रेक) करायचं ठरवलं. इंजिन अँबॅसॅडर १८०० चं इसुझुवालं, पाच गियरचा बॉक्स त्याचाच, मागचा अ‍ॅक्सल पण अँबॅसॅडरचा ड्रमसकट. पुढे बीम अ‍ॅक्सल ठेवला आहे पण अ‍ॅडॉप्टर प्लेट करून जिप्सीच्या डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडनं आवळणारे) लावल्यात. जुने रॉडवाले मेकॅनिकल ब्रेक पूर्ण काढून टाकले.

आता अडलंय मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो त्यावर. फायरवॉलला लटकता पेडल लावता येत नाही कारण मॉडेल ए चा पेट्रोल टँक काउलमध्येच आहे, ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे की डॅशच्या मागे हात घालायला सुद्धा जागा नसते. म्हणजे पेडल फ्लोअरमधून वर येणार आणि मास्टर खाली चासीत जाणार. चासीच्या दोन्ही रेल आतून प्लेट मारून बंद केल्यात त्यामुळे वेल्डिंगला जागा चांगली आहे. पण सायलेन्सरचा पाइप उजव्याच बाजूनं खाली येतो आणि तिथेच पेडल पण आहे.

सांवेर रोडचे आमचे मिस्त्री म्हणतात की मागच्या क्रॉसमेंबरजवळ (चासीच्या आडव्या दांड्याजवळ) भरपूर मोकळं आहे, मास्टर तिथे टाकू आणि पेडलपासून लांब रॉड नेऊ, थोडा तिरपा आला तरी चालून जातं. मला हे पटत नाहीये पण का पटत नाहीये ते त्यांना नीट सांगता पण येत नाही. दुसरं म्हणजे मास्टर चाकांपेक्षा खाली गेला की ऑइल परत मागे येतं आणि पेडल बसतं असं वाचलंय, त्याला व्हॉल्व लागतात म्हणे. ते खरंच लागतात का आणि कुठले? बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) लावायचा की नाही? बोलेरोचा डबल मास्टर (पुढच्या आणि मागच्या चाकांना ऑइल वेगळं देणारा) स्वस्तात मिळतोय, एक इंच बोअरचा म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाचा, तो घेऊन ठेवू का? गाडी फार जड नाही, इंदूरजवळच्या भेरूघाटानं खाली उतरताना भीती वाटायला नको एवढीच अपेक्षा.

मकरपुरा_लेथ (वडोदरा)

तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे रे. मास्टर कुठे बसणार हे चासीतली मोकळी जागा ठरवत नाही, पेडल ठरवतं. आधी पेडलचा पिव्हट (ज्या पिनवर ते फिरतं) कुठे आहे, पाय कुठे पडतो, पुशरॉड (पेडलपासून मास्टरच्या पिस्टनला ढकलणारा) कुठल्या भोकात लागतो हे पक्कं कर, मग मास्टर आपोआप आपली जागा सांगतो. उलट्या क्रमानं केलं की पुढे सगळं तिरपं होत जातं.

तिरप्या पुशरॉडचं असं आहे. रॉड पिस्टनला सरळ ढकलत नसेल तर तो पिस्टनला बाजूलाही रेटतो, पिस्टन बोअरच्या एका अंगाला घासतो, सुरुवातीला काही कळत नाही पण काही महिन्यांत रबर एका बाजूनं झिजलेलं दिसतं आणि ऑइल मागच्या बुटातून ठिबकायला लागतं. पेडल फिरतं गोलात आणि पिस्टन जातो सरळ, त्यामुळे थोडा कोन येणारच, पण तो पाच अंशाच्या आत ठेवायचा आणि असा बसवायचा की अर्ध्या पेडलला रॉड अगदी सरळ येईल. आणि लांब रॉड म्हणजे दाबल्यावर वाकायला तयारच. तीन फुटाचा बारा एमएमचा रॉड नेला तर अर्धा जोर त्याच्या वाकण्यातच जाईल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेडल आणि मास्टर एकाच ब्रॅकेटवर पाहिजेत. जोरात ब्रेक मारताना माणूस ५० किलो सहज दाबतो, पेडलचा रेशो (पायाचा जोर किती पट होतो) सहाचा असेल तर मास्टरवर ३०० किलोचा जोर येतो, आणि तेवढाच जोर मास्टरचं ब्रॅकेट मागे ढकलत असतो. पेडल एका ठिकाणी आणि मास्टर दुसऱ्या क्रॉसमेंबरवर असेल तर मधली चासी वळते आणि तुला वाटतं पाइपात एअर राहिली. दोन्ही एकाच सहा एमएम प्लेटच्या पेटीत असले की जोर त्या पेटीतल्या पेटीतच राहतो. बंद केलेल्या रेलला बोल्ट मारणार असशील तर आतून आरपार नळी वेल्ड कर, नुसता बोल्ट कसला तर रेलचा पत्रा आत दबतो आणि मग बोल्ट कधीच घट्ट राहत नाही.

एक गोष्ट मिस्त्रींना सांग की ही काही नवी कल्पना नाही. फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक १९३९ ला दिले तेव्हा मास्टर फ्लोअरखालीच पेडलच्या लगेच मागे होता, आणि अमेरिकेतले हॉट रॉडवाले अजूनही १९३९ ते १९४८ चा तोच पेडलसेट मॉडेल ए च्या चासीत लावतात. मॉरिस मायनरमध्ये तर मास्टर चासीच्या रेलच्या आतच होता. म्हणजे जागा चुकीची नाहीये, फक्त ती जागा काही गोष्टी मागते त्या द्याव्या लागतात.

बोअर आणि बूस्टरचं तुझी मापं आल्याशिवाय सांगता येणार नाही. पेडलच्या पिव्हटपासून पायाच्या पॅडच्या मध्यापर्यंत किती आणि पिव्हटपासून पुशरॉडच्या भोकापर्यंत किती ते मोजून टाक. तोपर्यंत बोलेरोचा मास्टर घेऊ नकोस.

लष्कर_जीप (ग्वालियर)

मी जीपवाला माणूस, हॉट रॉडमधलं फार कळत नाही पण फ्लोअरखालचा मास्टर सिलिंडर जन्मभर वापरलाय म्हणून लिहितो. जुन्या विलीजला आणि नंतरच्या महिंद्रा सीजे ला मास्टर ड्रायव्हरच्या पायाखालीच असतो, वर फ्लोअरमध्ये एक छोटी झाकणपट्टी, ती उघडून ऑइल बघायचं. ती झाकणपट्टी तू पहिल्या दिवशीच कर. लोक काय करतात, फ्लोअर सुंदर करतात, वर कार्पेट टाकतात आणि ऑइल बघायला गाडीखाली झोपावं लागतं, मग कोण बघणार. सहा महिने बघत नाही आणि एक दिवस पेडल खाली.

दुसरं पाणी. झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक असतं आणि पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी चाकानं उडून तिथेच येतं. ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, दिसत पण नाही. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ डिग्रीला उकळतं पण पाणी प्यायलं की १४० लाच, डॉट ४ नवं २३० आणि पाण्यासकट १५५. आता तू म्हणतोस सायलेन्सर त्याच बाजूला, म्हणजे वरून घाटात गरम झालेले ब्रेक आणि खालून सायलेन्सर. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि वाफ दबते, पेडल स्पंजासारखं होतं. म्हणून डॉट ४ च वापर आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदल, आणि सायलेन्सरचा पाइप जमेल तेवढा डावीकडे वळव. नाहीच जमलं तर मध्ये पत्र्याची ढाल लाव पण ती मास्टरला चिकटवू नको, दोन्हीच्या मध्ये हवा फिरायला पाहिजे.

आणि जुन्या जीपसारखा सिंगल मास्टर कुणी दिला तर घेऊ नको रे बाबा, दिसायला ओरिजिनल वाटतो म्हणून लोक लावतात. सिंगलमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास सगळ्या गाड्यांना डबल आला तो उगाच नाही. डबल घे.

रामबागचा_रॉड (इंदूर)

दोघांचे मनापासून आभार. मिस्त्रींना ३०० किलोचा आकडा सांगितला तर ते थांबले आणि म्हणाले आण ड्रॉइंग, तर ते काम झालं. डबलच घेणार हे नक्की.

मापं घेतली. पेडल फ्लोअरच्या खाली पिव्हट होतं, वर पॅड आणि पिव्हटच्या खाली पुशरॉडचं भोक, म्हणजे पाय पुढे दाबला की भोक मागे जातं आणि मास्टर पेडलच्या मागे, तोंड पेडलकडे करून बसेल. पिव्हटपासून पॅडच्या मध्यापर्यंत साडेतेरा इंच. पिव्हटपासून भोकापर्यंत तीन इंच. म्हणजे रेशो साडेचार ना? पेडल एका जुन्या ट्रकचं आहे, चांगलं जाड आहे.

मास्टरच्या खालून जमिनीपर्यंत सध्याच्या हिशोबानं सहा इंच येतंय, आपल्या इथले स्पीडब्रेकर बघता मला ते कमी वाटतंय.

मकरपुरा_लेथ (वडोदरा)

छान, आता बोलता येईल. हो, साडेतेरा भागिले तीन, साडेचार. हा रेशो बूस्टरवाल्या गाडीचा आहे, तिथे चारच्या आसपास असतो. बूस्टर नसेल तर सहा पाहिजे, थोडं वर गेलं तरी चालतं.

हिशोब बघ. पायाचा जोर ५० किलो धरू. साडेचारनं गुणलं की २२५ किलो मास्टरवर. एक इंच बोअरचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाइपात दाब येतो साधारण ४४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. डिस्कला जोरात थांबायला ७० च्या आसपास तरी पाहिजे, पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच) सांगायचं तर हजार. म्हणजे बोलेरोचा एक इंची मास्टर आणि तुझं हे पेडल, बूस्टरशिवाय, ही जोडी दगडासारखं कडक पेडल देईल आणि गाडी थांबणार नाही. लोकांना कडक पेडल म्हणजे चांगले ब्रेक वाटतात, तसं नसतं.

आता रेशो सहा केला आणि बोअर सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ एमएम घेतला, तर ३०० किलो भागिले ३.८८, दाब येतो ७७. हे पाहिजे. पण याची किंमत पेडलच्या प्रवासात द्यावी लागते, पिस्टन २५ एमएम सरकला तर एक इंची मास्टर पावणेतेरा सीसीच्या जवळ ऑइल ढकलतो आणि सात अष्टमांशवाला पावणेदहाच्या जवळ. शिवाय रेशो वाढला की तेवढ्याच २५ एमएमला पायाला जास्त जावं लागतं, सहाच्या रेशोला पूर्ण १५० एमएम. म्हणून याहून लहान बोअरकडे जाऊ नकोस, पाऊण इंच घेतलास तर दाब खूप येईल पण पेडल फ्लोअरला टेकेल. मागचे ड्रम नीट अ‍ॅडजस्ट ठेवलेस तर सात अष्टमांशला पेडल अर्ध्यावरच थांबेल. बोअर बहुतेक वेळा मास्टरच्या बॉडीवर ओतकामातच लिहिलेला असतो, दुकानात तोच वाचून घे, गाडीच्या नावावर जाऊ नको कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांना वेगळा बोअर निघतो.

आणि तुझ्या जमिनीच्या अंतराचं उत्तर पण यातच आहे. सहा रेशोसाठी भोक पिव्हटपासून सव्वादोन इंचावर घ्यायचं, म्हणजे पाऊण इंच वर. भोक वर गेलं की मास्टर पण पाऊण इंच वर येतो. एका भोकानं दोन कामं. पेडल जाड आहे म्हणतोस तर जुनं भोक वेल्डनं भरून नवं ड्रिल कर आणि आत ब्राँझचं बुश बसव, पिन सैल झाली की पेडलचा पहिला इंच नुसता हलण्यात जातो.

बूस्टर मी घालणार नाही. लहान बूस्टर पण साधारण सात इंच व्यासाचा, तो फ्लोअरखाली टाकलास की चासीच्या खाली लोंबणार आणि पहिला दगड त्यालाच लागणार. हलकी गाडी आहे, बूस्टरशिवाय होते.

सुदामानगरकर (इंदूर)

विषयाला थोडं सोडून आहे पण कुणीतरी सांगायला पाहिजे. भिया, ही गाडी रस्त्यावर नोंदणीसाठी नेणार असाल तर आधी आरटीओचा विचार करा. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलंय. २०२१ चे व्हिंटेजचे नियम ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए नंबर देतात, पण त्यात मूळ रूपात ठेवलेली, मोठे बदल न केलेली गाडी लागते. इसुझु इंजिन आणि डिस्क लावलेली मॉडेल ए त्यात कशी बसेल ते मला दिसत नाही. खाजगी जागेत चालवायची, ट्रेलरवरून शोला न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. ब्रेक मात्र तिथेही तेवढेच चांगले पाहिजेत म्हणून चालू द्या.

रामबागचा_रॉड (इंदूर)

हो दादा, ते माहीत आहे, गाडी ट्रेलरवरच जाईल आणि देवासकडे काकांच्या शेतावरच्या रस्त्यावर चालेल. भेरूघाट म्हटलं ते मोजमाप म्हणून म्हटलं, ब्रेक असे हवेत की तिथे सुद्धा घाबरायला नको.

मकरपुरा काका, भोकाची आयडिया जबरदस्त आहे, आजच खरादवाल्याकडे देतो. आता ते व्हॉल्वचं सांगा ना. आणि मी विचार करत होतो की ऑइलची बाटली मास्टरवर न ठेवता वर फायरवॉलला लावली तर? डावीकडे इंजिनच्या बाजूनं थोडी जागा निघते. मग व्हॉल्व लागतील का?

मकरपुरा_लेथ (वडोदरा)

बाटली वर, हा फार चांगला मार्ग आहे, लष्करकरांनी सांगितलेला पाण्याचा त्रास पण जातो आणि बॉनेट उघडलं की ऑइल दिसतं.

व्हॉल्व का लागतो ते समजून घे म्हणजे कुठे लागतो ते आपोआप कळेल. मास्टर आणि त्याची बाटली कॅलिपरच्या खाली असेल तर पेडल सोडल्यावर ऑइल उतारानं मास्टरकडे परत वाहतं, कॅलिपरचे पिस्टन गरजेपेक्षा मागे जातात आणि पुढच्या वेळी पहिलं पेडल खाली जातं, दुसरं दाबलं की वर येतं. ते थांबवायला डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व टाकतात, अगदी थोडासा दाब अडवून धरणारा. ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा, पण त्याचं कारण वेगळं आहे, ड्रमच्या व्हील सिलिंडरचे रबर कप सोडल्यावर ओठ आत घेतात आणि हवा ओढू शकतात, १० पीएसआय त्यांना बोअरला चिकटवून ठेवतो. म्हणून बाटली वर गेली आणि ऑइलची पातळी कॅलिपरच्या वर आली की २ वाल्याची गरज संपते. १० वाल्याची बाटलीशी गाठ नाही, ती व्हील सिलिंडरशी आहे. कपच्या मागे स्प्रिंगबरोबर पत्र्याची टोपी असलेले सिलिंडर असतील तर त्यांना १० ची गरज सहसा नसते, उघडून बघ.

इथे एक धोका आहे. जुने ड्रमवाल्या गाड्यांचे मास्टर असतात ना, त्यांच्या आउटलेटमध्ये आतच असा व्हॉल्व बसवलेला असतो. तो असताना बाहेरून दुसरा लावायचा नाही, आणि तो भाग डिस्कला जोडायचा तर बिलकुल नाही, पॅड सतत घासत राहतील आणि डिस्क तापून निळी पडेल. आउटलेटमध्ये बारीक तार घालून बघ, लगेच रबर लागलं तर आत व्हॉल्व आहे. बाहेरचा लावलास तर त्याच्यावरचा बाण चाकाकडे.

लष्कर_जीप (ग्वालियर)

काकांशी एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. बाटली वर असली तरी मी पुढे २ चा व्हॉल्व लावलेला बरा म्हणेन. शेतावर गाडी नाक वर करून चढावर उभी राहते, बाटलीत ऑइल थोडं कमी झालं की कॅलिपर पुन्हा वर जातात. २ पीएसआयनं ब्रेक घासत नाहीत, नुकसान काही नाही.

होजचं मात्र नक्की ऐक. बाटलीपासून मास्टरपर्यंत ईपीडीएम रबराचा होज पाहिजे, ज्यावर ब्रेक फ्लुइड असं लिहिलेलं असतं. इथल्या एका दुकानात मला पेट्रोलचा होज दिला, चालतो म्हणे सगळ्याला, महिन्याभरात फुगून मऊ झाला आणि आतल्या रबराचे काळे कण ऑइलमध्ये. पेट्रोलचा होज ब्रेकला नाही आणि ब्रेकचा पेट्रोलला नाही. तुझा टँक तिथेच काउलमध्ये आहे म्हणून दोन्ही होज जवळजवळ जातील, क्लिपा लावून लांब ठेव.

आणि डबल मास्टर घेतोस तर बाटलीपण आतून दोन खणांची घे, दोन नळ्या वेगळ्या. एका खणाच्या बाटलीला टी लावून दोन्ही जोडलंस तर एक पाइप गळाला की दोन्हीकडचं ऑइल गेलं, मग डबल घेऊन फायदा काय.

मकरपुरा_लेथ (वडोदरा)

चढावरचं बरोबर आहे, मान्य. शेतावर चालवणार असेल तर २ चा लाव, माझी हरकत नाही.

पाइपांचं राहिलं. पाव इंची तांब्याचा पाइप मिळतो एसीवाल्याकडे, तो घेऊ नको, नुसतं तांबं थरथरून कडक होतं आणि फ्लेअरपाशी (पाइपाच्या पसरवलेल्या तोंडाशी) चिरतं. स्टीलचा ४.७५ एमएमचा ब्रेकचा पाइप घे नाहीतर तांबे-निकेलचा, तो वळवायला सोपा. फ्लेअर डबलच, सिंगल ब्रेकच्या दाबाला टिकत नाही. आणि चुडी तपास, मारुतीसारख्या गाड्यांचे नट एम १० गुणिले १ चे असतात आणि अमेरिकन व्हॉल्व आलं तर ते तीन अष्टमांश इंच, इंचाला २४ चुडीचं, दोन्ही हातानं एक दोन आटे एकमेकांत जातात सुद्धा आणि मग माणूस पान्यानं दाबतो. तसं करू नको, अ‍ॅडॉप्टर आण, नाहीतर मी इथे लेथवर करून देतो, मापं पाठव. युरोपियन भाग घेतलास तर त्यांचं फ्लेअर फुग्यासारखं गोल असतं, ते डबल फ्लेअरच्या सीटवर कधीच बसत नाही.

कुठला आउटलेट पुढे आणि कुठला मागे हे ज्या गाडीचा मास्टर आहे त्या गाडीत होतं तसंच ठेव. बाटलीचा मोठा खण डिस्कचा, कारण पॅड झिजतात तसं ऑइल तिकडे जातं. मागच्या लाइनमध्ये अ‍ॅडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व (मागचा दाब कमी करणारा) टाक, हलक्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुशरॉडची ढिलाई. पेडल सोडलेलं असताना रॉड आणि पिस्टनमध्ये एक ते दोन एमएम मोकळं पाहिजे. मास्टरच्या आत एक बारीक भोक असतं, पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून बाटलीत परत जातं. रॉड घट्ट लावला तर ते भोक बंद राहतं, गाडी दोन किलोमीटर चालली की ऑइल तापून फुगतं, जायला जागा नाही, ब्रेक आपोआप लागायला लागतात, त्यानं अजून तापतं, आणि शेवटी गाडी रस्त्यात उभी. पेडलला स्वतःचा स्टॉप कर आणि चांगली रिटर्न स्प्रिंग लाव, मास्टरच्या आतल्या स्प्रिंगवर पेडलचं वजन टाकू नको. फ्लोअरच्या कार्पेटला पेडल घासून अर्ध्यात अडकत नाही ना ते पण बघ.

रामबागचा_रॉड (इंदूर)

हे सगळं प्रिंट काढून मिस्त्रींच्या भिंतीला लावतो. सियागंजच्या एका दुकानात सात अष्टमांशचा डबल मास्टर मिळाला, बॉडीवर स्पष्ट लिहिलंय, आउटलेटमध्ये तार घातली तर सरळ आत गेली, रबर नाही. व्हॉल्व बाहेरून मागवतोय.

शेवटचा प्रश्न, एअर कशी काढायची? मास्टर एवढा खाली आहे, मिस्त्री म्हणतात दोघं बसून पेडल मारू नेहमीसारखं. गाडीचं नाक खाली आणि शेपूट वर असा स्टान्स ठेवलाय, त्यानं काही फरक पडतो का?

मकरपुरा_लेथ (वडोदरा)

पडतो, बरं झालं विचारलंस. तुझा मास्टर मागे तोंड करून नाही, पेडलकडे तोंड करून आहे, म्हणजे त्याचं बंद टोक गाडीच्या मागच्या बाजूला. शेपूट वर असली की तेच टोक वर जातं आणि हवा तिथे जाऊन बसते, कितीही पेडल मारा निघत नाही. एअर काढताना गाडीचं नाक जॅकवर उचलून मास्टरवर लेव्हल ठेवून बघ, सपाट आला पाहिजे, बंद टोक किंचित खाली असलं तर उत्तमच. ब्रॅकेट वेल्ड करतानाच गाडी टायरवर, पूर्ण वजनात उभी करून मास्टर सपाट घेतलास तर हे नंतर करावंच लागणार नाही, म्हणून अजून वेल्ड केलं नसशील तर आधी गाडी खाली उतरव.

मास्टर गाडीत लावायच्या आधी वाइसमध्ये धरून त्याची एअर काढायची, आउटलेटला नळ्या लावून त्या परत बाटलीत बुडवायच्या आणि हळूहळू पिस्टन दाबत राहायचं, बुडबुडे बंद होईपर्यंत. मग गाडीत. पहिलं सगळ्यात लांबचं चाक, तुझ्याकडे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची. पेडल पूर्ण खाली आपटू नका, हळू दाबा. जमलं तर बाटलीच्या झाकणातून थोडा दाब देणारा ब्लीडर आण, व्हॉल्व लावलेल्या लाइनला तो फार सोपा पडतो.

झालं की एक माणूस पेडलवर पूर्ण जोरानं उभा कर आणि तू खाली टॉर्च घेऊन ब्रॅकेट बघ, केसभर पण हललं नाही पाहिजे. मिनिटभर दाबून धरा, पेडल खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय. मग सोडा आणि चारही चाकं हातानं फिरवा, मोकळी फिरली पाहिजेत. हेच गाडी थोडी चालवून ब्रेक तापल्यावर पुन्हा एकदा, कारण ढिलाई कमी असेल तर थंड असताना कळत नाही, गरम झाल्यावरच चाक जड लागतं.

लष्कर_जीप (ग्वालियर)

रात्रभर मास्टर आणि चारही चाकांखाली गत्ता पसरून ठेव, सकाळी कुठे डाग पडलाय ते लगेच दिसतं. आणि हँडब्रेकची केबल मागच्या ड्रमला वेगळी ठेवली आहेस ना? तिचा या सगळ्याशी काही संबंध नको, ती पूर्ण स्वतंत्र. ऑइलचा उघडा अर्धा डबा मिस्त्रीकडे पडलेला असेल तो वापरू देऊ नको, सीलबंद नवा घेऊन जा, राहिलेलं टाकून दे.

रामबागचा_रॉड (इंदूर)

हँडब्रेक वेगळा आहे, अँबॅसॅडरचाच. वेल्डिंग अजून केलेलं नाही, गाडी उद्या टायरवर उतरवतो, लेव्हल लावतो आणि मग ब्रॅकेट टॅक करतो. काका, तीन अष्टमांश २४ चे दोन आणि एम १० चे दोन, असे अ‍ॅडॉप्टर लागतील, मापं मेसेजमध्ये टाकतोय.